उत्तमभाऊंची पाच मिनिटं

उत्तमभाऊ गेल्याचं मला जिंतूरच्या बसस्टँडवर कळलं. बोरीची गाडी अजून लागायची होती, मी घाईत होते... मी कायम घाईतच असते, आणि ओळखीचे एक मास्तर समोर येऊन म्हणाले, "बाई, कळलं का? उत्तमभाऊ सकाळी गेले. चहा घेता घेता." वाहतूक नियंत्रक म्हणून भाऊ सारी नोकरी याच स्टँडवर "चारठाणा गाडी दोन नंबरला" असं माईकवर ओरडत होते. मला रडू आलं नाही, राग आला. कोणाचा, ते त्या वेळी नीट समजलं नाही. त्याला आता सात आठवडे झालेत. समजलंय, आणि स्वस्थ बसवत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या भागातल्या बौद्ध कुटुंबांचा वर्षातून एकदा बोरीच्या विहारात स्नेहमेळावा भरतो. पूर्वी तो कसा असायचा हे वेगळं सांगायला नको. हार, शाली, व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेता घेता अर्धा तास, मग बाहेरून आलेला पाहुणा तासभर आम्हाला 'जागे व्हा' म्हणून सांगणार, आणि तोवर निम्मी मंडळी पेंगलेली! भाऊ निवृत्त झाले त्या वर्षी कमिटीच्या बैठकीत म्हणाले, "आपली मानसं वर्सातून एकदा भेटायलीत, अन् बोलायलाय कोण, तर भायेरचा. आपल्याला बोलू द्या की. ज्याला वाटंल त्यानं उठावं, पाच मिन्टं बोलावं, खाली बसावं."

"अन् न्हाई बसला तर?" कोणीतरी विचारलं.

"पानी द्यायचं," भाऊ म्हणाले.

तोच नियम झाला. घंटा नाही, चिठ्ठी नाही. वेळ संपली की स्टीलच्या पेल्यात पाणी न्यायचं आणि बोलणाऱ्याच्या हातात द्यायचं. त्यानं ते प्यायचं आणि बसायचं. कोणाचा अपमान नाही, कोणी रुसायचं नाही. पाणी न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण शाळेत तास मिनिटावर सोडणारी बाई म्हणून माझी ख्याती होती. मला ते काम फार आवडायचं, हे कबूल करते. मोठमोठे बोलघेवडे माझ्या हातातला पेला बघून गडबडायचे.

मेळाव्याच्या आधी महिनाभर भाऊ स्कूटरवर घरोघरी फिरायचे. 'भाषण करा' असं चुकूनही म्हणायचे नाहीत. "तुमाला काय येतं? काय सलायलंय?" एवढंच विचारायचे आणि चहा निवेपर्यंत गप्प बसायचे. मला हे कधी जमलं नसतं. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले, तर समोरचा बोलायच्या आत मीच त्याचं वाक्य पुरं केलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला नेलं नाही.

पण काय काय ऐकलं आम्ही त्या विहारात! बोअरची मोटर जळायला आली हे नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचं, हे एका मेकॅनिकनं तोंडानं आवाज काढून दाखवलं. एक सून उठली आणि म्हणाली, "हितं समता, अन् घरी बाया मागून जेवायल्यात. औंदा पहिली पंगत बायांची." भाऊंनी तिथल्या तिथे पुरुषांच्या हाती बादल्या दिल्या. वरण निम्मं सतरंजीवर सांडलं, पण बाया आधी जेवल्या. एका मुलीनं नोकरीच्या मुलाखतीत आडनाव सांगितल्यावर समोरच्यांचे चेहरे कसे बदलले ते सांगितलं. तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. तिच्या आईला हे सारं तिथंच पहिल्यांदा कळलं.

भाऊ स्वतः मात्र कधी उठले नाहीत. "आयुष्यभर माईकवर वरडलोच की, बाई," म्हणायचे.

गेल्या वर्षी उठले. पण त्याच्या आधीचं सांगायला हवं. कमिटीला हौस आली आणि त्यांनी एका मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेब उशिरा आले आणि चाळीस मिनिटं बोलले. पाच झाली, दहा झाली. मी पेला भरून भिंतीशी उभी होते. पाहुणे आहेत, लांबून आलेत, आपली रीत त्यांना काय ठाऊक... असं काहीबाही मनात चाललं होतं. साहेब गेले तेव्हा जेवणं खोळंबली होती, आचारी डोकावून जात होता, माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आणि अशात भाऊ उभे राहिले.

त्यांना सवय नव्हती. अडखळले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. न आलेल्या लोकांची नावं घेतली. मग म्हणाले, "एक गोष्ट हाय. मी कोनालाच सांगितली न्हाई आजवर. घरात बी न्हाई. डेपोत असताना एकदा माझ्याकडून..."

पाच मिनिटं झाली होती. मी पेला पुढे केला.

सगळे हसले. नियम करणाऱ्यालाच नियम लागला म्हणून टाळ्या पडल्या. भाऊही हसले, पाणी प्यायले, "झालं माझं," म्हणाले आणि बसले. मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. आपण मैत्री बघितली नाही, नियम म्हणजे नियम.

त्यानंतर आम्ही कितीदा तरी भेटलो. लग्नात, बाजारात, एकदा तर दवाखान्याच्या बाकावर तासभर शेजारी शेजारी. "भाऊ, ते काय होतं हो?" एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो! विचारू, औंदाच्या मेळाव्यात ऐकू, असं म्हणत राहिले. आता स्वयंपाक करताना, बँकेच्या रांगेत, कुठेही ते वाक्य डोक्यात सुरू होतं आणि 'माझ्याकडून' पाशी तुटतं. काय झालं होतं त्यांच्याकडून? कोणाचं नुकसान, कोणावर अन्याय? एवढी वर्षं दुसऱ्यांना 'काय सलायलंय' विचारत फिरणाऱ्या माणसाला काय सलत होतं?

शेवटी गेल्या आठवड्यात भाऊंच्या घरी, सुमनवहिनींकडे गेले. भाऊंची खोली तशीच आहे. खुंटीला त्यांचा खाकी शर्ट आहे. त्यांनी तो निवृत्तीनंतरही इस्त्री करून ठेवला होता. वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. मी बसायच्या आधीच विचारलं.

"मला बी न्हाई सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्या दिशी सकाळी म्हनले, आज मेळाव्यात ऐक. मी पुढंच येऊन बसले होते."

म्हणजे ते आता कोणालाच कळणार नाही. मी रडले. भाऊ गेल्यावर पहिल्यांदा. वहिनींनी रडू दिलं, शेंगा बाजूला सारल्या आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, त्या सायबाला पानी का न्हाई दिलं तुमी?"

इतक्या आठवड्यांत हा प्रश्न मी स्वतःला शिवू दिला नव्हता. पाहुणे होते, रीत होती, असं पुन्हा ओठांवर आलं. पण वहिनींनी शेंगा परत पुढ्यात ओढल्या, आणि माझं वाक्य पुरं करायला तिथं कोणी नव्हतं.

"भ्याले," मी म्हटलं.

"मंग हे सांगा की औंदा. पाच मिन्टं लय झाली त्याला."

मेळावा या रविवारी आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव मी माझं लिहिलंय. कमिटीनं याही वर्षी एका साहेबांना बोलावलंय, ते वेळेवर येणार म्हणतात. आले, तर त्यांच्यासमोरच बोलेन. वहिनी पुढं बसणार आहेत.