बर्फाच्या तळ्यावर, आपल्या जोखमीवर

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर काहीच नव्हतं. ना झाडं, ना समोरची इमारत, ना रस्ता. सगळीकडे दाट पांढरं धुकं आणि त्यात उंचावर कुठेतरी एक गुलाबी डाग. मला वाटलं, सूर्य उगवतोय. केतकी चहाचा कप हातात देत म्हणाली, "आई, तो सूर्य नाही. कारखान्याच्या चिमणीवरची ज्योत आहे. सूर्य इथं जानेवारीत फारसा फिरकत नाही."

केतकी म्हणजे माझी मुलगी. जर्मनीत लुडविग्सहाफेनला रसायनांच्या क्षेत्रात संशोधन करते. आदल्या रात्री आम्ही दोघं नवरा-बायको फ्रँकफर्टला उतरलो होतो आणि तिच्या गाडीत पेंगत पेंगत इथवर आलो होतो. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. कोल्हापूरच्या शाळेत गाणं शिकवण्यातून मी नुकती मोकळी झाले होते, हे बँकेतून निवृत्त झाले होते, आणि जावई कामासाठी महिनाभर परगावी होते. म्हणून लेकीनं हट्टानं बोलावून घेतलं. घरात तिसरी आमची नात इरा, वय वर्षं सहा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मी "इरा, दूध प्यायलीस का गं?" विचारावं आणि तिनं "जा, ओमा" (हो, आजी) म्हणत उड्या मारत निघून जावं.

पहिले काही दिवस मी त्या धुक्यातच वावरत होते. आवाज असा नव्हताच. ट्राम यायची तीसुद्धा मांजरासारखी. रात्री कारखान्यावरचे वाफेचे ढग खालच्या दिव्यांनी नारिंगी व्हायचे आणि तसेच आकाशात तरंगत राहायचे. आपण जागे आहोत की झोपेत, हे ठरवायची घाईच वाटत नसे.

शेजारी फ्राउ हार्टमान राहायच्या. सत्तरीच्या, उंच, पांढरे केस आखूड कापलेले, कधीकाळी वाचनालयात नोकरीला होत्या. इरा त्यांच्याकडे अर्धाअधिक दिवस असायची. एका दुपारी त्यांनी आम्हांला जेवायला बोलावलं आणि डाम्फनूडल (वाफेवर फुगवलेला पावासारखा मऊ गोळा, खालून खारट आणि खरपूस) बटाट्याच्या सूपाबरोबर वाढलं. ह्यांनी पिशवीतून भडंग काढलं. फ्राउ हार्टमाननी एकेक चुरमुरा चाखत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्लं आणि म्हणाल्या, "उद्या शनिवार. तळं गोठलंय. चला सगळे, हे भडंगसुद्धा बरोबर घ्या."

तळं वस्तीच्या कडेलाच होतं. शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा धुकं थोडं वर उचललं गेलं होतं आणि त्याच्याखाली, पाणी असायला हवं तिथं, करडी काच पसरली होती. त्या काचेवर माणसं होती. लाल टोप्या, निळे कोट, घसरगाडीवर बसवलेली बाळं, हातात हात घालून स्केट्सवर तरंगणारी म्हातारी जोडपी. सगळं शहर जणू जमिनीवरून थोडं वर उचललं गेलं होतं.

काठावर एक पाटी होती. केतकीनं वाचून दाखवली. "आउफ आयगेने गेफार. म्हणजे स्वतःच्या जोखमीवर. नगरपालिका बर्फाची तपासणी करत नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे हात झटकले!" हे म्हणाले.

"नाही बाबा. ती लाल-पांढरी फीत बघा." तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, जिथं बोरूचं बेट होतं, तिथं खांबांना फीत बांधली होती. "तिकडे खालून झऱ्याचं पाणी येतं, बर्फ पातळ असतो. ते त्यांना माहीत आहे, म्हणून तेवढं सांगितलं. हा खांब बघा, इथं शिडी आणि दोर ठेवलाय. बाकी आपण बघायचं."

"आपण काय बघणार? आपण कोल्हापूरचे."

फ्राउ हार्टमाननी काय चाललंय ते विचारलं आणि हसून म्हणाल्या, "मी तर आधी बाकीचे कुठं जात नाहीत ते बघते. मग तिथं मीही जात नाही."

त्या स्केट्स बांधून गेल्यासुद्धा. इरा त्यांच्यामागे. मला मात्र पाय टाकवेना. मी काठावरच्या बाकावर बसले. आणि तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला. तळ्याच्या पोटातून एक लांब, खोल स्वर निघाला, या काठापासून त्या काठापर्यंत गेला आणि विरला. तानपुऱ्याची खर्जाची तार कुणीतरी पाण्याखाली छेडावी तसा. आयुष्यभर सुरांत राहिलेल्या मला अंगावर काटा आला. "घाबरू नको," केतकी म्हणाली, "बर्फ ताणला की असा गातो." मी डोळे मिटून ऐकत बसले. किती वेळ गेला कोण जाणे.

डोळे उघडले ते कुत्र्याच्या भुंकण्यानं.

तपकिरी रंगाचं, लांब कानांचं कुत्रं एका बदकामागे सुसाट निघालं होतं. ते फितीखालून पलीकडे गेलं, बोरूच्या बेटाकडे, आणि बघता बघता बर्फ फुटून त्याचा मागचा भाग खाली गेला. पुढचे दोन पाय बर्फाच्या कडेवर, डोकं वर, आणि तोंडातून बारीक केविलवाणा आवाज. त्याचा मालक, निळ्या जाकिटातला तिशीचा माणूस, हाका मारत धावला. फीत त्यानं हातानं वर उचलली आणि आत शिरला. माझ्या शेजारी हे केव्हाच उभे राहिले होते. कोटाची बटणं काढत होते.

हे मी सांगितलंच पाहिजे की पंचगंगेच्या पुरात पुलावरून उड्या मारणाऱ्या पोरांत आमचे हे एकेकाळी पहिले. एका वाहून चाललेल्या माणसाला त्यांनी काढलंही होतं. गल्लीत अजून ती गोष्ट निघते.

"अहो, कुठं निघालात?"

"सोड. तो बुडणार."

मी त्यांची बाही धरली. त्यांनी हिसडा दिला. तेवढ्यात तळ्यावर एक आवाज घुमला: "हाल्ट!" फ्राउ हार्टमान फितीच्या अलीकडे उभ्या होत्या, दोन्ही हात पसरून. एवढ्या सौम्य बाईच्या गळ्यात तो आवाज कुठं होता? सगळं तळं थांबलं. निळ्या जाकिटातला माणूसही थबकला, पण उशीर झाला होता. त्याच्या पायाखाली पांढऱ्या रेघा फाकल्या आणि तो कमरेपर्यंत आत गेला.

"केतकी, त्यांना सांग, मला पोहता येतं!" हे ओरडले.

केतकीला सांगावं लागलंच नाही. फ्राउ हार्टमाननी ह्यांचा उघडा कोट आणि चेहरा पाहिला, आणि खांबाकडे बोट करून भराभर काहीतरी बोलल्या. केतकी एका हातानं फोनवर अग्निशमन दलाला बोलावत होती, दुसऱ्या हातानं तिनं वडिलांचा दंड धरला. "बाबा, शिडी! त्या म्हणतायत, तुम्ही ताकदवान आहात, तुम्ही शिडीचं मागचं टोक धरा. उभं राहायचं नाही. आडवं पडायचं."

क्षणभर मला वाटलं, हे ऐकणार नाहीत. मग ते वळले, एका तरुण मुलीच्या मदतीनं शिडी उतरवली, आणि फितीपाशी पोचून बर्फावर पालथे झाले. ती मुलगी पालथीच शिडी पुढे सरकवत राहिली, मागे हे, त्यांचे पाय धरून आणखी दोन माणसं. मी काठाकडे घसरत आलेल्या इराला पोटाशी घेऊन उभी होते. नवऱ्याची छाती त्या बर्फावर टेकलेली आणि खाली तोच स्वर, या वेळी तुटक, तडतडणारा. देवाचं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही.

त्या माणसानं शिडीचं शेवटचं दांडकं धरलं. सगळ्यांनी ओढलं. पहिल्यांदा बर्फाची कड मोडली, दुसऱ्यांदा पुन्हा मोडली, तिसऱ्यांदा तो पोटावर वर आला आणि सील माशासारखा घसरत फितीपर्यंत. ओठ निळे. बोलता येत नव्हतं, नुसता बोरूकडे, कुत्र्यासाठी, हात करत होता.

आणि कुत्रं? ते कधीच बोरूच्या बाजूनं काठावर चढलं होतं. अंग झटकून, शेपूट हलवत तळ्याला वळसा घालून आमच्याकडे येत होतं.

अग्निशमन दलाची गाडी आली. माणसाला सोनेरी कागदासारख्या चादरीत गुंडाळलं. कुणीतरी बाई त्या जवानांशी भांडू लागल्या: फीत कसली बांधता, कुंपण घाला! एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मग सगळ्या तळ्यालाच घाला आणि मुलांना घरात टीव्हीसमोर बसवा. जवान दोघांचंही शांतपणे ऐकत होता. मग त्यानं संध्याकाळपुरतं सगळ्यांना बर्फावरून उतरायला सांगितलं.

इराला रडू फुटलं. ती जर्मनमध्ये तावातावानं बोलत होती. ह्यांनी विचारलं, "काय म्हणते?"

केतकी म्हणाली, "म्हणते, मी तर फितीच्या अलीकडेच होते. मी नियम पाळला. मग मला का उतरवलं?"

फ्राउ हार्टमाननी खाली बसून तिचे स्केट्स सोडले. त्या एवढंच म्हणाल्या, "गेनाऊ (अगदी बरोबर), इरा. तुझं बरोबर आहे. आणि तरीही आता घरी जायचं."

त्या संध्याकाळी हे सदरा काढून बसले होते. छातीवर, पोटावर बर्फाचं खरचटलेलं. मी खोबरेल लावत होते.

"मी उडी मारली असती," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"पुरात पाणी माणसाला वर आणतं गं. इथं वर बर्फाचं झाकण. मी खाली गेलो असतो आणि परत भोक सापडलं नसतं." मग म्हणाले, "पट्टीचे पोहणारेच बुडतात, ते काही उगाच म्हणत नाहीत. त्या बाईनं मला आडवं पाडलं. आयुष्यात असं कुणी थांबवलं नव्हतं."

"राग आला?"

"तेव्हा आला. शिडी हातात आल्यावर गेला."

रविवारी सकाळी धुकं पुन्हा खाली उतरलं होतं. तळ्याच्या काठी पाटी तीच, फीत मात्र बरीच अलीकडे आली होती. कालच्या निम्मी माणसं आली होती. बाकीच्यांनी आपापलं काय ते ठरवलं असावं. ह्यांनी माझा हात धरला. "येतेस?"

मी आधी फीत पाहिली, मग माणसं कुठं आहेत ते पाहिलं, मग पाय टाकला. बुटाखाली काळीशार काच, तिच्यात अडकलेले पांढरे बुडबुडे, आणि त्याखाली झोपलेलं एक पिंपळपानाएवढं रुंद पान, देठासकट. आम्ही मोठी पावलं न टाकता, पाय घासत चाललो. काठ धुक्यात नाहीसा झाला. इराचं हसू कुठूनतरी यायचं आणि कुठेतरी जायचं. मग तळं गायलं. आमच्या अगदी पायाखालून. मी घाबरून ह्यांचा हात घट्ट धरला, आणि तरीही तो स्वर संपू नये असं वाटत राहिलं. मी हलकेच त्यात माझा षड्ज मिसळला. कोण ऐकणार होतं? फ्राउ हार्टमान जवळून तरंगत गेल्या, मान डोलावून धुक्यात विरल्या. त्या बर्फाला माझं वजन माहीत होतं आणि मला त्याची भीती माहीत होती. एवढी सावध, एवढी निवांत मी क्वचितच कधी चालले असेन.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही परतलो. तोवर बर्फ जाऊन साधं पाणी आलं होतं.

पुण्याहून कोल्हापूरला भाड्याच्या गाडीनं निघालो. ऊन कडक, काच उतरवली की तोंडावर झळा. हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि खांद्यामागे हात घालून काहीतरी शोधू लागले. सीटचा पट्टा आत कुठेतरी अडकला होता.

ड्रायव्हर हसला. "राहू द्या काका. या रस्त्याला पोलीस नसतात."

"पोलिसांसाठी नाही रे," हे म्हणाले आणि ओढत राहिले.

शेवटी पट्टा निघाला. वर्षानुवर्षं कुणी वापरला नसावा. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत मातीची तिरपी रेघ उमटली. साताऱ्याला चहाला उतरलो तेव्हा टपरीवरची माणसं तिच्याकडे बघत होती. त्यांनी ती झटकलीही नाही. चहा संपवून पुन्हा गाडीत बसले आणि पुन्हा पट्टा लावला.