अकरा जणांचे एकच उत्तर

कळंबे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते पोलादपूरच्या एस.टी. स्थानकासमोरच्या हॉटेलात. मी तेव्हा नववीत होते. वाडीवरच्या सात घरांचे दूध घेऊन सकाळी डोंगर उतरायचा, ते हॉटेलात घालायचे आणि रिकाम्या किटल्या तिथेच ठेवून शाळेत जायचे, हा माझा रोजचा क्रम होता. सर नुकतेच आमच्या शाळेत गणित शिकवायला आले होते आणि कोपऱ्यात चहा पीत बसले होते. मी हॉटेलवाल्यांना म्हटले, "काका, या किटलीतलं दूध आज पातळ हाय. चहाला वापरा, दह्याला नको." सरांनी मान वर करून पाहिले.

त्या वर्षांत आमच्याकडे दहावीनंतरचा रस्ता आधीच ठरलेला असे. कुणीतरी मुंबईला असायचे, त्यांच्या खोलीवर जायचे आणि मिळेल त्या कामाला लागायचे. काय काम करायचे आहे, हे आम्हाला कुणी विचारत नव्हते आणि आम्हीही स्वतःला विचारत नव्हतो. सरांनी हे पाहिले आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर व्यवसाय व करिअर तयारीचा वर्ग सुरू केला. फी नव्हती. मात्र उशिरा आलेल्याला सर दारातच उभे ठेवत, मग तो सरपंचांचा मुलगा का असेना.

वर्गात अर्ज लिहायला शिकवत. फोनवर बोलायची सवय व्हावी म्हणून सरांनी कुठूनसा एक बंद पडलेला फोन आणला होता. त्यात आम्ही इतके ओरडायचो की शेजारच्या वर्गातले गुरुजी येऊन विचारायचे, "लागला का फोन?" एकदा सरांनी आम्हाला रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला नेले आणि ताकाच्या एका टपरीवर दिवसभर उभे केले. धंदा कसा चालतो ते पाहून लिहून आणायचे होते. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "नुसतं बघताव काय गो? पेले धुवा!" सरांनी स्वतः बाह्या सरसावल्या. त्या दिवशी आम्ही लिहिले कमी, पण शिकलो बरेच.

दहावीच्या वर्षी महाडला एका संस्थेने दोन वर्षांचा व्यवसाय-प्रशिक्षण अभ्यासक्रम सुरू केला. राहण्याजेवण्याची सोय होती आणि निवड मुलाखतीने होणार होती. माझ्या वडिलांना राजी करायला सर आमच्या वाडीवर चढून आले. घामाघूम झाले होते. तासभर म्हशींविषयीच बोलले. शेवटी वडीलच म्हणाले, "मास्तर, तुमचा येवढा जीव हाय तर बघू. निवड झाली तर शिकंल. नाय झाली तर मे महिन्यात मुंबैला भावाकडं जाईल, पॅकिंगच्या कामाला." सर म्हणाले, "चालेल." मला मात्र पुढे कित्येक दिवस झोप लागली नाही.

आता सरांच्या हातून झालेली चूक सांगते. पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात असे लिहीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ती वगळली तर सर कोण आहेत हे कळायचे नाही.

मुलाखतीसाठी सरांनी फळ्यावर एक नमुना उत्तर लिहून दिले होते : "मी प्रामाणिक, कष्टाळू व वक्तशीर आहे. मला वाचनाची आवड आहे. मला शिकून समाजाची सेवा करायची आहे." सरांना ते फक्त वळण म्हणून द्यायचे होते. पण फळ्यावरचे उत्तर पाठ करायचे, एवढेच आम्हाला माहीत. आम्ही अकरा जणांनी ते स्वल्पविरामासकट पाठ केले.

माझा नंबर नववा होता. मी आत जाऊन "मी प्रामाणिक" एवढेच म्हटले, तोच समोरचे साहेब म्हणाले, "कष्टाळू आणि वक्तशीर आहेस. वाचनाची आवड आहे. जा तू, पुढच्याला पाठव." मुलाखत घेणारे बाकीचे हसले. मी बाहेर आले आणि पायरीवर बसून रडले. मुंबईची गाडी मला तिथूनच दिसत होती.

अकराही जणांना नकार मिळाला. सरांनी काय झाले ते विचारून घेतले आणि सरळ आत गेले. दार उघडेच होते. "चूक माझी आहे," सर म्हणाले, "सकाळपासून तुम्ही अकरा वेळा मलाच ऐकलंत. माझ्या मुलांना अजून ऐकलेलंच नाही." वर्गापुढे कधी आवाज न चढवणारे सर तिथे जवळजवळ भांडले. जेवणानंतर पुन्हा घेऊ, असे साहेबांनी कबूल केले.

जेवणाच्या त्या अर्ध्या तासात अंगणात उभे राहून सरांनी प्रत्येकाला एकच विचारले, "घरी सकाळी उठल्यापासून काय काय करतोस?" माझ्याजवळ आल्यावर म्हणाले, "तू किटलीचं सांग."

"सर, ह्यात काय सांगायचं?"

"सगळं."

पुन्हा आत गेल्यावर मी साहेबांना सगळे सांगितले. कुणाची म्हैस कधी आटते, बोट बुडवून दूध कसे ओळखते, चहाचे कुठले आणि दह्याचे कुठले. साहेबांनी विचारले, "पातळ असल्याचं स्वतःहून कशाला सांगतेस?" मी म्हटले, "दुसऱ्या दिवशी त्याच दारात जायचं असतं ना."

माझी निवड झाली. आमच्यापैकी आणखी तिघांची झाली, सात जण राहिले. पुढच्या शनिवारी सरांनी वर्ग सुरू करण्याआधी उभ्या उभ्या त्या सातही जणांची नावे घेऊन माफी मागितली. मास्तरांना माफी मागताना आम्ही त्याआधी कधी पाहिले नव्हते. नंतर त्या प्रत्येकाच्या घरी ते जाऊन आले आणि जिथे जमेल तिथे त्यांना कामाला लावून दिले. नमुना उत्तर मात्र पुन्हा कधीच फळ्यावर आले नाही.

आज पोलादपुरात माझे दूध संकलन केंद्र आहे, आणि शनिवारचा तो वर्ग मी घेते. सर कधीकधी येऊन शेवटच्या बाकावर बसतात. मी जास्त बोलू लागले की घसा खाकरतात. अजूनही उशिरा आलेल्याकडे असे पाहतात की तो आपोआप दारातच थांबतो.

सरांना आता पंच्याहत्तरावे लागले. गौरव समितीने आम्हा सर्वांना लेखाचा एक नमुना पाठवला होता. त्यात ज्ञानाचा दिवा होता, ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व होते. मी तो घडी घालून ठेवून दिला. सरांच्याच लेखात तीच चूक पुन्हा कशी करणार? सरांचे गुडघे खणखणीत राहोत, कारण वडील अजून वाडीवर त्यांची वाट पाहतात. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे वाक्य त्या नमुन्यातही होते. तेवढे एक मी ठेवले आहे, कारण ते माझेही आहे.