अर्धं कुठं गेलं?

आमच्या धाकट्या भाऊजींना हळू बोलता येत नाही. कानात सांगायची गोष्ट ते चार घरांना सांगतात. मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी फक्त ह्यांना सांगितलं होतं. ह्यांनी भावाच्या कानावर घातलं. भाऊजी दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका, मी कुणालाबी सांगत न्हाई!" संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन बायका मला चिंच देऊन गेल्या.

दोष त्यांचा नाही, मागाचा आहे. माधवनगरला आमच्या घरामागंच यंत्रमागाचं शेड होतं. भाऊजी दहावी होऊन तिथं माग चालवायला लागले. सगळे माग एकदम सुरू झाले की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. बाकीची माणसं अशा जागी गप्प व्हायला शिकतात. भाऊजी गायला शिकले. "हितं कुणालाच काय ऐकू येत न्हाई वहिनी, मग काय पण म्हणता येतं," असं म्हणायचे. मी तिथं सुताच्या कांड्या भरायला बसायची. त्यांचं तोंड हलताना दिसायचं, मान डोलताना दिसायची, गाणं काही कळायचं नाही. आठ वर्षं त्यांनी असं गाणं म्हटलं. मग एकदा गणपतीच्या मांडवात माईकसमोर उभे राहिले, तर माईकवाल्यानं पळत येऊन माईक बंद केला. गाणं तरीही मागच्या चौकात ऐकू गेलं.

पुढं कुठूनतरी जुनी गिटार आणली. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी ती गिटार आडवी-उभी करून पाहिली आणि म्हणाल्या, "पल्याड मिरजंत एवढ्या सतारी करत्यात, तुला ह्योच डबा घावला व्हय रं?" भाऊजींनी समजावून सांगितलं, की आपण आता लोकगीतांचं रॉक करणार. आत्याबाईंनी विचारलं, "रॉक म्हंजी काय?"

"आये, आपलीच गाणी. फकस्त रागानं म्हणायची."

"मग तुझा बाप रोजच रॉक करत व्हता," आत्याबाई म्हणाल्या.

माग बंद पडत गेले, तसा भाऊजींचा बँड सुरू झाला. चौघेजण. भाऊजी, एक ढोलकीवाला, एक कॉलेजातला पोरगा मोठ्या तारांची गिटार वाजवायला, आणि शेडमधलाच एक जुना जोडीदार हलगीवर. नाव ठेवलं 'मागवाले'. पोस्टर पाहून एकानं दुकानात चौकशी केली होती, की हे काय मागायला येतात.

भाऊजींचं गाणं लिहायचं तंत्र वेगळं. वही नाही, कागद नाही. सूत संपलं की जो पुठ्ठ्याचा कोन उरतो, त्याच्यावर गोल गोल लिहायचे. ओळ कुठं सुरू झाली ते कळायचं नाही, म्हणून वाचताना कोन हातात फिरवत राहायचे. घरात कपाटावर, फ्रीजवर, देवघराच्या मागं असे कोन. एकदा मी दोन कोन टाकून दिले, तर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मटण होतं तेव्हा जेवले.

हलगीच्या बाबतीत त्यांचा हट्ट होता, की कातड्याचीच पाहिजे, प्लॅस्टिकची नको. कातडं गार पडलं की हलगी फदफद वाजते. म्हणून वाजवायच्या आधी थोडं पाचट पेटवून शेकावी लागते. पुण्यात पहिल्यांदा मोठ्या थंडगार सभागृहात कार्यक्रम मिळाला. भाऊजींनी तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं, "साहेब, जाळ कुठं करायचा?" तो माणूस जवळजवळ पोलीसच बोलावणार होता. शेवटी एका नाचणाऱ्या बाईंनी केस वाळवायचं यंत्र दिलं. लोक खोळंबले, तेव्हा भाऊजींनी पडद्यामागून ओरडून सांगितलं, "पाच मिनिटं थांबा, आमची हलगी न्हाऊन बसलीया!" पहिली टाळी गाण्याआधीच पडली.

आता त्या गाण्याचं सांगते. त्यात माझीही चूक आहे.

आत्याबाई धान्य निवडताना जात्यावरच्या ओव्या गुणगुणायच्या. भाऊजी आले की गप्प व्हायच्या. बायका जात्यावर जे म्हणतात ते पुरुषांनी ऐकायचं नसतं, अशी त्यांची रीत. भाऊजी माझ्या मागं लागले, "वहिनी, एखादी तरी सांगा की." मी आधी नाही म्हटलं. एक दिवस भाकरी थापता थापता बोलून गेले:

पाटणच्या वाटंनं, भाऊ आला गं डौलात,
अर्धं लुगडं आनलं, अर्धं ऱ्हायलं फडताळात.

आत्याबाईंचं माहेर पाटणचं. लग्नानंतर एका दिवाळीला त्यांच्या भावानं नऊवारीच्या ऐवजी साडेचार वाराचा तुकडा आणला होता. जुन्या लुगड्याचा चांगला भाग जोडून, दांड घालून त्यांनी तो नेसला. उरलेलं अर्धं भावजयीनं ठेवून घेतलं, असं त्या धरून चालल्या होत्या. भावाला त्यांनी हे कधी विचारलं नाही. मामा यायचे, जेवायचे, आत्याबाई त्यांना तुपाची धार जरा जास्तच सोडायच्या. राग सगळा जात्यावर.

भाऊजींनी ती ओवी उचलली, खाली हलगी लावली, आणि मधे लोकांकडून ओरडून घ्यायला एक ओळ घातली, "आरं अर्धं कुठं गेलं?" मी घाबरून म्हणाले, "निदान पाटण तरी काढा." तर म्हणाले, "गावाचं नाव असलं की गाणं खरं वाटतं, वहिनी."

गाणं इतकं चाललं की विचारू नका. मोबाईलवर, रिक्षात, जत्रेत, सगळीकडं तेच. भाऊजी दाढी करायला बसले तरी न्हावी विचारायचा, "दादा, अर्धं कुठं गेलं?" आणि वस्तरा गालावर थांबवायचा. आत्याबाईंना आम्ही कळू दिलं नव्हतं. त्यांच्या जुन्या फोनवर गाणी लागत नाहीत, आणि गल्लीत वाजलंच तर त्या गोंगाटात त्यांना शब्द लागायचे नाहीत.

ते कळलं पाटणला, मामांच्या नातवाच्या वरातीत. पोरांनी हौसेनं आपल्याच पाहुण्याचं गाणं लावलं. मांडवात मामा आणि आत्याबाई शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले होते. स्पीकर अगदी समोर होता. मामा आधी मान डोलवत होते. मग थांबले. पोरं नाचत ओरडत होती, "अर्धं कुठं गेलं?" मामांनी आत्याबाईंकडं पाहिलं.

"आक्का, हे तुझं हाय न्हवं?"

मामा उठून आत गेले. आम्ही निघालो तरी बाहेर आले नाहीत. त्यानंतर त्यांचा फोन बंद झाला. दर रविवारी यायचा तो.

आत्याबाईंनी भाऊजींशी बोलणं टाकलं. एकदाच म्हणाल्या, "जात्यावरचं जात्यावर ऱ्हातं. ते भावाच्या कानात वतायचं नसतं. तुला काय, टाळ्या घावल्या. माझा भाऊ गेला." माझ्याकडं त्यांनी नुसतं पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी खाली मान घालून भांडी घासत राहिले.

महिन्याभरानं भाऊजी म्हणाले, "वहिनी, पाटणला चला. तुमी असला म्हंजी मामा शिव्या देणार न्हाईत." आम्ही एसटीनं गेलो. वाटेत मास्तरांपुढं उभं राहायचं असल्यासारखे ते काय बोलायचं ते पाठ करत होते. मामा ओसरीवर बसले होते. भाऊजींनी पाय धरले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "मामा, गाणं बंद करतो."

"बंद कशाला करतोस?" मामा म्हणाले. "तुकडा अर्धाच व्हता. खोटं काय हाय त्यात?"

मामी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सांगा की आता. मेलेल्या मानसाची शपथ किती दिस पाळणार?"

मग मामांनी सांगितलं. धाकटी बहीण कवठे महांकाळला दिली होती. त्या साली तिकडं पाऊसच नव्हता. थोरलीची दिवाळी घेऊन निघालेले मामा आधी धाकटीकडं जोंधळे टाकायला गेले. ती दाराआडूनच बोलली, बाहेर येईना. अंगावर नेसायला धड काही नव्हतं. मामांनी तिथंच लुगडं मधोमध फाडलं. आक्काला सांगशील तर मेलेलं तोंड बघशील, म्हणाली धाकटी. तिला लाज वाटत होती. ती जाऊन आता सहा वर्षं झाली. मामा तरी गप्पच.

भाऊजी म्हणाले, "आवं मामा, मग आयेला सांगा की!"

"मला जमायचं न्हाई गड्या. इतक्या वर्सांनी काय तोंडानं सांगू? तूच सांग. तुझं ऐकाया मानसं तिकीट काढत्यात."

येताना एसटीत भाऊजी एक कोरा कोन हातात फिरवत बसले. एका बैठकीत गाणं करणारा माणूस, पण मामांचं सांगणं दोन ओळींत बसवायला त्यांना दीड महिना लागला. तोवर 'अर्धं' कुठंही गायले नाहीत, लोक मागत होते तरी. घरात कोनांचा ढीग वाढला.

शेवटी सांगलीत कृष्णेकाठच्या मैदानावर कार्यक्रम ठरला. आत्याबाई येईनात. ह्यांनी कशीबशी समजूत घातली. कानात कापूस घालून त्या माझ्याशेजारी बसल्या. गाणं सुरू झालं, लोक उठून नाचायला लागले. "अर्धं कुठं गेलं?" असं सगळं मैदान ओरडलं, आणि भाऊजींनी हात वर करून हलगी थांबवली. नुसत्या गिटारीवर म्हणाले:

अर्धं गेलं कवठ्याला, धाकटीची लाज झाकाया,
भाऊ बसला गं गप, थोरलीच्या शिव्या खाया.

लोकांना काही कळेना. कुणीतरी मागून ओरडलं, "हलगी वाजव की रं!" पुढची पोरं खाली बसली, काही वडापावला गेली. आत्याबाईंनी एका कानातला कापूस काढला. मग दुसऱ्या. भाऊजींनी तेच कडवं परत म्हटलं. आत्याबाई माझा दंड धरून बसल्या होत्या. दंडावर बोटं उठली.

"पाटणला फोन लाव," म्हणाल्या.

आमच्या फोनवरून लावला, म्हणून मामांनी उचलला. मी स्पीकर सुरू केला. आत्याबाई त्या गर्दीत ओरडल्या, "काय रं मुडद्या, तोंड शिवलं व्हतं का तुझं?"

"धाकटीची शपथ व्हती, आक्का."

"तिला जाऊन सा वर्सं झाली की!"

मामा म्हणाले, "गप बसायची सवय लागली व्हती."

"उद्या जेवायला ये," आत्याबाई म्हणाल्या. फोन बंद करून पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

भाऊजींच्या गाण्याचं मात्र त्या दिवसापासून जरा बिघडलंच. लग्नाच्या वरातीवाल्यांना दुसरं कडवं नको असतं. नाचणारी माणसं मधेच बसतात, पोरी रडतात, म्हणतात. भाऊजी हट्टाला पेटले. दोन्ही कडवी, नाहीतर गाणंच नाही. कितीतरी बोलावणी गेली. कॉलेजातला पोरगा बँड सोडून पुण्याला गेला. भाऊजी आता सकाळी शाळेत मुलांना ढोलकी शिकवतात आणि बाहेरच्या बोलावण्याची वाट पाहतात. मी म्हणाले, "एखाद्या वेळी सोडलं एक कडवं, तर काय बिघडतं?" तर म्हणाले, "वहिनी, लुगडं एकदा फाडलं तेवढं बास."

मामा त्यानंतर दोन वर्षं दर महिन्याला येऊन जेवून गेले. आत्याबाई आणि ते बसून धाकटीच्या गोष्टी काढायचे आणि कोण कुणाला किती मारायचं यावरून भांडायचे. गेल्या थंडीत मामा गेले.

दिवस झाल्यावर भाऊजींना कराडकडचा एक कार्यक्रम होता. निघताना आत्याबाईंच्या पाया पडले आणि म्हणाले, "आये, आजपास्नं पयलं कडवं काढतो. दुसरंच म्हणतो. गेलेल्या मानसाला आता शिव्या कशाला?"

आत्याबाई चहा पीत होत्या. बशी खाली ठेवली.

"काढून तर बघ," म्हणाल्या. "माझ्या भावानं जल्मभर गप बसून खाल्ल्यात त्या. वाया घालवू नगंस."