दोन माजी अध्यक्ष आणि पांढरे झगे

मी जंतू पाळते, असं माझी आई मुलुंडच्या शेजाऱ्यांना सांगायची आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी जंतूंकडून एन्झाइम बनवून घेते. प्रयोगशाळेतून मी हळूहळू कंपनीच्या प्रमुखपदावर पोचले आणि पुढे जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या संघटनेची अध्यक्षही झाले. यात कर्तृत्वाचा भाग थोडाच. संघटनेत दोन माजी अध्यक्ष होते, एकाची कंपनी लसींची, दुसऱ्याची बियाण्यांची. दोघांनाही चालेल असं माझ्याशिवाय कुणी उरलंच नव्हतं.

हे दोघे एकाच सरांकडे शिकलेले, तेव्हा एका बशीत भजी खाणारे. पुढे अध्यक्षपदासाठी एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि बोलणं बंद झालं ते झालंच. बैठकीत लसवाला मला म्हणायचा, "बियाणेवाल्यांना सांगा, त्यांचा मुद्दा चुकीचा आहे." बियाणेवाला त्याच्या समोरच बसलेला असायचा. तरी मी सांगायचे.

अशात सरकारने नवे नियम आणायचं ठरवलं. संघटनेने मिळून एक निवेदन द्यायला हवं होतं. एकाने मसुदा पाठवला की दुसरा तो न वाचताच नाकारायचा.

मग मी दोघांना वेगवेगळे फोन केले. आमचा नवा फर्मेंटर, म्हणजे जंतू वाढवायची मोठी टाकी, बघायला या म्हटलं. दुसऱ्याच्या कारखान्यात डोकावायची संधी आमच्या धंद्यात कुणी सोडत नाही. दोघे एकाच सकाळी आले. आमच्या मॅनेजरने त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन पायघोळ पांढरे झगे, टोप्या, मास्क आणि गॉगल चढवायला लावले. "मॅडम येतीलच," एवढंच तो म्हणाला. मी तशाच वेषात आधीपासून टाकीपाशी उभी होते. ब्लोअरच्या घरघरीत कुणाचा आवाज ओळखू येणं कठीणच होतं.

"टाकी झकास आहे," लसवाला म्हणाला.

"आहे ना. पण नव्या नियमांनी हिची वाट लागणार," बियाणेवाला म्हणाला. "एका परवानगीसाठी चार खात्यांत कशाला फिरायचं?"

"मी तेच ओरडून सांगतोय. आमच्या संघटनेत ऐकतो कोण?"

"तुम्हीही संघटनेत? मग अध्यक्षबाई माहीत असतील."

"माहीत म्हणजे काय. सगळ्यांशी गोड बोलते, काम शून्य."

"आणि भाषण किती लांबवते."

मी टाकीच्या तापमानाचा आकडा अगदी लक्ष देऊन वाचत राहिले. माझ्यावर त्यांचं इतकं एकमत झालं की नियमांवर व्हायला मग वेळ लागला नाही. एक मुद्दा काढायचा, दुसरा मान डोलवायचा.

बाहेरच्या खोलीत येऊन दोघांनी मास्क काढले आणि थिजल्यासारखे उभे राहिले.

"तू?" लसवाला म्हणाला.

"तुझा आवाज असा कसा झाला रे?"

"मास्क होता ना."

मग मी माझा मास्क काढला. दोघांचे चेहरे उतरले. "पुढचं भाषण आटोपतं घेईन," मी म्हटलं. बियाणेवाल्याला हसू फुटलं ते थांबेचना, आणि लसवालाही भिंतीला टेकून हसत सुटला.

निवेदन त्याच दुपारी आमच्या कँटीनमध्ये वरणभात खाता खाता तयार झालं. सरकारने त्यातलं बरंचसं मानलं, काही बाजूला ठेवलं.

पुढच्या निवडणुकीत मात्र दोघांनी मिळून माझ्याविरुद्ध एक उमेदवार उभा केला आणि मी सपशेल हरले. निकाल सांगायला त्यांनीच फोन केला. "वाईट वाटून घेऊ नकोस गं," म्हणताना दोघे एकदमच बोलत होते आणि आधी कोणी सांगायचं यावरून त्यांची तिथेच जुंपली. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांचं भांडण ऐकत निवांत चहा प्यायले.