मुटक्याच्या मापाची मूठ

लीड्समधल्या आमच्या घरात एक रिव्हॉल्व्हर आहे, हे कळलं की मराठी मंडळातल्या बायका आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे. त्याच्याकडे बघताना त्यांच्या नजरेत सहानुभूती असते.

रिव्हॉल्व्हर माझं आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या अमेरिकन नमुन्याची नवी नक्कल. त्यात काळी दारू भरायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि मग नेम धरायचा. बार उडाला की एवढा धूर होतो की गोळी नेमाला लागली की नाही ते धूर हटेपर्यंत कळत नाही. हॉस्पिटलमधल्या एका मैत्रिणीने मला पहिल्यांदा नेमबाजीच्या क्लबात पाहुणी म्हणून नेलं, तेव्हा तो धूर नाकात गेला आणि मी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या अंगणात जाऊन उभी राहिले. नेमबाजीबिमबाजी नंतर. मी सभासद झाले ती वासासाठी.

मग रीतसर लायसन्स आलं, पोलीस घर बघून गेले, भिंतीला पोलादी कपाट ठोकलं. त्याची किल्ली कुठे असते ते फक्त मला ठाऊक, नवऱ्यालाही नाही. नियमच तसा आहे, आणि आमच्या संसाराला तो मानवलाय.

गेल्या हिवाळ्यात दारातच बर्फावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. मी फिजिओथेरपिस्ट. लोकांची मनगटं वळवण्यात माझा जन्म गेला. पण स्वतःचा हात प्लास्टरमधून बाहेर आला तेव्हा व्यायाम टाळायला सगळ्या पेशंटांच्या सबबी मी एकटीने वापरल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नंतर नेटाने केलं सगळं, तरी मुठीत जोर येईना. माझ्या मुलीच्या वयाचा सर्जन हात उलटासुलटा करून म्हणाला, "आता साधारण एवढाच राहील."

एवढाच म्हणजे केवढा? तर कणीक नवरा मळणार, बरण्यांची झाकणं नवरा उघडणार, भरलेली किटली नवरा उचलणार. तो हे सगळं तक्रार न करता करायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

क्लबातही तेच. या रिव्हॉल्व्हरचा घोडा दर बाराआधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. माझा अंगठा तिथवर पोचेना, आणि बार उडाला की रिव्हॉल्व्हरची मूठ हातातल्या हातात फिरायची. मागच्या बाकावर एक जुने सभासद बसलेले असतात. माणूस प्रेमळ, पण पंजा फावड्याएवढा. ते म्हणाले, "विकायचं ठरवलंस तर आधी मला सांग, लव्ह." इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.

नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी "सांगते" म्हणून आले, आणि गाडीत रडले. एक रिव्हॉल्व्हर गेलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण ते विकलं की "एवढाच" या शब्दावर मीच शिक्का मारणार होते. मला ते नको होतं.

त्या शनिवारी नवरा मेथीचे मुटके करत होता. मुटका म्हणजे पिठाचा गोळा मुठीत दाबायचा, की बोटांचे ठसे उमटतात आणि तसाच तो शिजवायचा. मदत म्हणून मीही एक दाबला आणि तो हातात धरून तशीच उभी राहिले. माझी मूठ समोर होती, जेवढी मिटते तेवढी, जिथे कमी पडते तिथे भरलेली.

"अरे, हा शिजवायचा नाही," मी म्हटलं.

"का? मीठ कमी आहे?"

"हा माझ्या रिव्हॉल्व्हरची मूठ आहे."

त्याने हात टेकले. पण साध्या कणकेत भरपूर मीठ घालून दुसरा गोळा त्यानेच मळून दिला, कारण मुलीच्या शाळेत अशाच कणकेची खेळणी करून ओव्हनमध्ये कडक करायचे, हे त्याच्या लक्षात होतं. तो मी मुठीत दाबला आणि ओव्हनमध्ये ठेवला.

या रिव्हॉल्व्हरच्या मुठीतल्या लोखंडाला दोन्ही बाजूंनी लाकडाचे दोन गाल असतात, एका स्क्रूने धरलेले. ते काढले आणि रिव्हॉल्व्हर कपाटात बंद केलं. मग अक्रोडाचं लाकूड आणून मी कडक झालेल्या मुटक्याबरहुकूम नवे गाल कोरायला बसले. कानस, पॉलिशपेपर, मध्येच हातात धरून बघणं, पुन्हा कानस. कित्येक महिन्यांनी मी स्वयंपाकघरात गाणं म्हणत होते. भुसा फोडणीपर्यंत उडायचा आणि नवरा म्हणायचा, "आज आमटीत वॉलनट आहे का गं?" शेवटी जवसाचं तेल चोळलं तेव्हा लाकडाच्या रेषा अशा वर आल्या की मी त्याला झोपेतून उठवून दाखवलं.

क्लबात गेले. अंगठा घोड्यापर्यंत पोचला! मूठही फिरली नाही. फक्त सगळ्या गोळ्या टार्गेटच्या खूप खाली, वाळूत गेल्या. हात उचलला की नळी आपली नम्रपणे मान खाली घालायची. मी तिला वर करावं आणि तिने पुन्हा वाकावं.

घरी येऊन मुटका हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. मुटका कसा दाबतो आपण? ओट्याशी उभं राहून, कोपर अंगाशी, मनगट खाली वाकवून. मी मूठ केली होती ती मुटके वळणाऱ्या बाईची. नेम धरणारीचा हात समोर ताठ असतो, मनगट सरळ. मनगट वाकवलं की बोटांची पकड बदलते, हे मी हॉस्पिटलमध्ये रोज कुणा ना कुणाला शिकवते. मी इतकी हसले की नवरा घाबरून बघायला आला.

मग पुन्हा कणीक. या वेळी मी स्वयंपाकघरात हात लांब करून फ्रिजवर नेम धरून उभी, हातात कणकेचा गोळा, आणि नवरा बाजूने डोळा बारीक करून, "थोडं वर. अजून. हां, बस!" खिडकीबाहेर शेजारीण कचऱ्याचा डबा घेऊन थबकली होती. नवऱ्याने तिला अदबीने हात केला.

गालांच्या दुसऱ्या जोडीचं तेल सुकल्यावर तो पहिल्यांदाच क्लबात आला. आवाजाची भीती म्हणून कानांवर मफ चढवून मागे उभा राहिला. मी दारू भरली, गोळ्या बसवल्या. कुणाची मदत घेतली नाही. हात समोर केला. अंगठ्याने घोडा ओढला, कट्. नळी सरळ.

धडाड! धूर झाला, आणि तो विरायच्या आत मागून आरोळी आली, "अगं, लागली! कागदाला लागली!" कानांवर मफ असल्याने आपण केवढ्याने ओरडतोय ते त्याला कळत नव्हतं. यॉर्कशरची ती शांत मंडळी एकदम वळून बघायला लागली. मी पुन्हा घोडा ओढला. मग पुन्हा. सगळ्या काही मधोमध लागल्या नाहीत, पण सगळ्या कागदावर होत्या. धुराने डोळे चुरचुरत होते, त्यामुळे रडायची सोय झाली.

बाकावरचे जुने सभासद उठून टार्गेट बघून आले.

"म्हणजे विकत नाहीस तर," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी तो फावड्याएवढा पंजा पुढे केला. मनगट मोडल्यापासून मी कुणाशीही शेकहँड केला नव्हता, हात आखडता घेऊन नुसती हसायचे. या वेळी दिला. त्यांनी दाबला, अगदी पुरुषाशी दाबावा तसा. कळ पार कोपरापर्यंत गेली.

मी त्यांच्याहून जोरात दाबला.