साडूंची हलकी ट्यूब

आमच्या साडूंनी वजन कमी केलं नाही अशी जगात एकच वस्तू उरली आहे, आणि ती म्हणजे ते स्वतः. बाकी त्यांच्या हाती आलेलं सगळं हलकं होऊनच बाहेर पडतं. रेसची सायकल घेतल्यापासून त्यांनी तिची घंटी काढली, स्टँड काढला, व्हॉल्व्हच्या टोप्यासुद्धा काढल्या. घंटीऐवजी दिंडोशीतल्या घरापासून कामापर्यंत "साइड, साइड!" असं ओरडत जातात, कारण आवाजाला वजन नसतं. टी-शर्टच्या मानेमागचं लेबल ते कात्रीने कापतात. स्वयंपाकघरातला काटा, ज्यावर माझी मेहुणी केकचा मैदा मोजायची, तो कायमचा गॅलरीत सायकलशेजारी गेला आहे. एवढं करून परत येताना ते दोन वडापाव आणि वर कटिंग चहा घेतात. मी एकदा पोटाकडे बघत घसा खाकरला, तर शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, पोट माझं आहे, सायकल कंपनीची आहे. चूक कंपनीची सुधारायची."

मग ती ट्यूब आली. रबराची नव्हे, प्लॅस्टिकची. केशरी रंगाची, आरपार दिसणारी, घडी केली तर मुठीत मावणारी. रबरी ट्यूबच्या निम्म्याहूनही हलकी, असं त्यांनी मला समजावलं. पण आत शेवटी हवाच भरायची, तर ट्यूब हलकी असून नेमकं काय साधतं, हे कळायला माझी स्वतःची ट्यूब पेटायला बराच वेळ लागला. "चढावर कळतं," एवढंच ते म्हणाले. या ट्यूबचा एक नियम आहे. टायरच्या बाहेर ती फार फुगवायची नाही. फुगवली तर कायमची ताणते आणि परत टायरात मावत नाही. हा नियम त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना सांगितला, फक्त घरी सांगायचा राहिला. गणपतीच्या आदल्या दिवशी मेहुणीला कपाटात केशरी, चमकदार, लांबलचक काहीतरी सापडलं. तिने ते पंपाने छान टम्म फुगवलं आणि मखराच्या कमानीला गुंडाळून वर झेंडूची माळ सोडली. साडू कामावरून आले, हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि देवासमोरच म्हणाले, "वाट लागली!" विसर्जनापर्यंत ट्यूब तिथेच राहिली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याने मखराचं कौतुक केलं आणि प्रत्येक वेळी साडू आत जाऊन पाणी पिऊन आले. मग त्यांनी तशाच नव्या ट्यूब मागवल्या.

त्यांचं काम साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात, आणि मी राहतो तिथून जवळच. एका सकाळी सायकल खांद्यावर घेऊन ते माझ्या दारात उभे. वाटेत पंक्चर झालं होतं. पंक्चरवाल्याने ट्यूब बाहेर काढली, घासली, सोल्यूशन लावलं, ठिगळ चिकटवलं. ते पापडासारखं उचलून आलं. दुसरं लावलं, तेही आलं. शेवटी त्याने ट्यूब उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "साहब, ये तो दूध की थैली है." साडू एवढे दुखावले की त्यांच्या तोंडून एकदम मालवणी बाहेर पडली. "माका शिकवतंस?" म्हणत त्यांनी सायकल उचलली आणि चालू पडले. माझ्याकडे पोहोचल्यावर मात्र घाम पुसत म्हणाले, "पण साडूभाऊ, उचलायला किती हलकी आहे बघा."

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला उशिराच कळलं. रविवारी पहाटे साडू आणि त्यांची लेक सई, दोघं आरेच्या चढावर सायकल मारायला जातात. घरी सई "हो", "नाही" आणि "बघू" एवढ्यावर भागवते. सायकलवर मात्र बोलते. ऑफिसचं, मैत्रिणींचं, कधी रडूसुद्धा येतं म्हणे तिला. पण चढ लागला की ती सहज पुढे निघून जायची आणि गोष्ट अर्धीच राहायची. उरलेली अर्धी ऐकायची म्हणून हा माणूस ग्रॅमा-ग्रॅमासाठी झुरत होता. मी विचारलं, "मग सईच्या सायकलला का नाही घातल्या हलक्या ट्यूब?" तिच्या सायकलला त्यांनी बाजारातल्या सगळ्यात जाड, जड रबरी ट्यूब बसवल्या होत्या. "पोरीची जात, रस्त्यात पंक्चर नको," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तिला यातलं काही बोलू नका हां." मी शब्द दिला.

गेल्या महिन्यात सईला बेंगळुरूला नवी नोकरी लागली. निघायच्या दिवशी तिचं सामान खाली उतरवायला मी गेलो होतो. लिफ्टची वाट बघताना ती म्हणाली, "काका, माझ्या चाकात काय आहे ते मला पहिल्यापासून माहितीये. पंक्चर मीच काढते ना! मी केव्हाच हलक्या घेतल्या होत्या, पाकीट तसंच पडलंय ड्रॉवरमध्ये. आता तर मी ब्रेकसुद्धा मारते चढावर, बाबा मागे राहू नयेत म्हणून. बाबांना दम लागला ना, की ते नुसतं 'हं, हं' करतात. ऐकत असतात, पण विचारत नाहीत काही. आणि मला त्यांनी विचारलेलं हवं असतं." मग बॅग उचलत म्हणाली, "त्यांना सांगू नका यार, प्लीज." मी शब्द दिला.

परवाच्या रविवारी मी साडूंकडे गेलो. दोन्ही सायकली गॅलरीत उलट्या करून ठेवलेल्या, चाकं काढलेली, आणि साडू मधे बसलेले. सईच्या जाड ट्यूब काढून ते स्वतःच्या चाकात घालत होते. काटा दिसला नाही. मेहुणीने तो स्वयंपाकघरात परत नेला होता. मी विचारलं, "हे काय नवीन?"

"आता मला घाई कुठे आहे?" ते म्हणाले. केशरी ट्यूब त्यांनी तळहातावर नीट सरळ केली, बेताची हवा भरली आणि सईच्या टायरात अलगद सरकवली. "दिवाळीला येतेय ती. चार दिवस येणार, त्यात माझ्यासाठी कशाला रखडायचं तिने? जाऊ दे पुढे. मी येतो मागून."

ती पुढे जाणार नाही, हे मला माहीत होतं. त्या दोघांतलं कुणीच पुढे जाणार नव्हतं. पण मी दोघांनाही शब्द देऊन बसलो होतो, म्हणून मेहुणीने आणलेला चहा तेवढा प्यालो.