टाकीतलं पाणी

नोकरीची शेवटची सात वर्षं मी उत्तरेकडच्या एका उंच खिंडीखाली ट्रकच्या तुकडीत होतो. हुद्दा हवालदार, काम एमटी हवालदाराचं. म्हणजे गाड्या, ड्रायव्हर आणि त्यांचे कागद माझ्या ताब्यात. खिंडीपलीकडच्या चौक्यांना रॉकेल आणि रेशन पोचवायचं, रिकाम्या गाड्या परत आणायच्या. लढाई मी पाहिली नाही. माझ्या हातून जी दोन माणसं गेली ती रस्त्यावर गेली, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, चांगल्या उजेडात.

आमचा दिवस पावणेपाचला फर्स्ट परेडने सुरू व्हायचा. फर्स्ट परेड म्हणजे गाडी हलण्याआधीची तपासणी. तेल, पाणी, टायर, दिवे, ब्रेक. ड्रायव्हर तपासतो, एमटी हवालदार स्वतः वाकून खात्री करतो आणि मग गाडीच्या कार डायरीत सही करतो. सही नसेल तर गाडी गेटबाहेर जात नाही.

थंडीत एक काम जास्तीचं असतं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवेच्या टाकीत दमटपणाचं पाणी साठतं. टाकीच्या पोटाशी झडप असते. रोज सकाळी गाडीखाली आडवं होऊन ती ओढायची. आधी पाणी निघतं, मग नुसती हवा फुसफुसते, मग सोडायची. पारा फार खाली गेला की झडपच गोठते. तेव्हा लंगरातून, म्हणजे तुकडीच्या स्वयंपाकघरातून, किटलीभर गरम पाणी आणून तिच्यावर ओतावं लागतं. एका गाडीला पाच मिनिटं. हे केलं नाही तर टाकीतलं पाणी नळीत जाऊन गोठू शकतं. पायाखाली पेडल राहतं, ब्रेक राहत नाही. नव्याने आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला हे मीच शिकवायचो.

बालाजी सोनटक्केलाही मीच शिकवलं होतं. नांदेडकडचा, वय सव्वीस. हिशोबी चालवायचा. उतारावर त्याचा गिअर कधी चुकला नाही. तुकडीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे तो माझ्याशी जरा सलगीने वागायचा. नुकताच सुट्टीवरून आला होता. घरी मुलगी झाली होती. तिचा फोटो तो रात्री टॉर्चच्या उजेडात बघत बसायचा.

"उस्ताद, नाक कोणाचं वाटतं?"

"तुझं नसावं एवढीच प्रार्थना कर."

"माझी बायको पण हेच म्हणाली."

त्याचा को-ड्रायव्हर हरीश, पिथोरागडचा. कमी बोलणारा. डोंगरात को-ड्रायव्हरचं एक काम ठरलेलं असतं. चढ-उतारावर गाडी थांबली की खाली उतरायचं आणि चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. निघताना ठोकळा उचलून हात वर करायचा, मगच ड्रायव्हर क्लच सोडतो. प्रत्येक ठोकळ्यावर पांढऱ्या रंगात गाडीचा नंबर असतो. त्यांचा आठ होता.

तीन दिवस बर्फ पडून रस्ता बंद होता. वरच्या चौक्यांतलं रॉकेल संपत आलं होतं. चौथ्या दिवशी रस्ता उघडला. वर जाणाऱ्या गाड्यांसाठी खिंडीच्या रस्त्यावरचं गेट पावणेसहाला बंद होणार होतं. नऊ गाड्या भरून तयार. पुढे सुभेदार साहेब, शेवटच्या गाडीत मी. वायरलेस सेट या दोनच गाड्यांत. सेटवर ते लीड, मी टेल.

त्या सकाळी लंगरात एकच किटली गरम पाणी मिळालं. दुसरं आधण यायला वीस मिनिटं लागणार होती. ती किटली मी नऊ नंबरच्या गाडीला लावली. नऊ नंबर ही माझी गाडी. मी तिच्यात बसणार होतो.

तेव्हा मी असा विचार केला नव्हता. ती जवळ उभी होती, एवढंच डोक्यात होतं. पण पाणी तिला लागलं आणि संपलं, हे खरं आहे.

मी तंबूत बुखारीपाशी, म्हणजे रॉकेलच्या शेगडीपाशी, बसून नऊ कार डायऱ्यांवर सह्या केल्या. एकाही गाडीखाली वाकलो नाही. बालाजी तंबूच्या दारात आला. त्याच्या भुवयांवर बर्फ होतं.

"उस्ताद, माझ्या टाकीचं पाणी सुटलं नाही. झडप हलत नाही. पाच मिनिटं द्या, मी लंगरातून आणतो."

"गेट बंद होईल. पलीकडे उतरलास की काढ."

तो थांबला. उलट बोलायची त्याला सवय नव्हती.

"डायरीत सही झाली?"

"झाली."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि गेला.

त्याने माझ्या सहीवर विश्वास ठेवला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. त्याला माहीत होतं की सही खोटी आहे. त्याने हुकूम पाळला.

पाच चाळीसला गेटबाहेर. सात वाजता खिंड ओलांडली. पलीकडचा उतार सुरू झाला. सात वीसला माझ्या पुढच्या, आठ नंबरच्या गाडीचं आणि आमचं अंतर एकदम वाढलं. ती वळणाआड गेली. जाताना तिचं डावं दार उघडलेलं मला दिसलं.

सेटवर सुभेदार साहेबांचा आवाज आला.

"टेल, लीड. पीछे आवाज कैसी? गिनती बताओ. ओव्हर."

"लीड, टेल. वेट. ओव्हर."

उतारावर माझ्या ड्रायव्हरला पेडलवरून पाय काढता येत नव्हता. मी एकटाच उतरून वळणापर्यंत धावलो. गाडी रस्त्यावर नव्हती. कठड्याचे दगड गेले होते. हरीश रस्त्यात पडला होता. चाक त्याच्या अंगावरून गेलं होतं. त्याच्या छातीशी, दोन्ही हातांत, ठोकळा होता.

चालत्या गाडीतून उडी मारून त्याने चाकाखाली ठोकळा घालायचा प्रयत्न केला होता. पुढच्या वळणाखाली सात नंबरची गाडी होती. ती वाचवायला बालाजीने आपली गाडी बाहेर काढली की ती आपोआप गेली, हे मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी लिहिणार नाही.

ठोकळा मी हरीशच्या हातांतून सोडवला. बोटं आवळलेली होती, वेळ लागला. तो घेऊन माझ्या गाडीपाशी परत आलो, सीटखाली टाकला आणि मग सेट उचलला.

"लीड, टेल. नौ में से आठ. एक गाडी नाले में. एक आदमी खत्म, दूसरा नीचे है. दिख नहीं रहा. ओव्हर."

मग "रॉजर" आलं.

बालाजीला दुसऱ्या दिवशी दुपारी दोर लावून वर आणलं.

ड्रायव्हर झोपला असेल तर को-ड्रायव्हर हातात ठोकळा घेऊन उडी मारत नाही. ब्रेक गेला आणि ड्रायव्हर ओरडला, तरच मारतो. म्हणून मी तो ठोकळा उचलला. घाबरून नाही, गोंधळून नाही. कळत होतं म्हणून.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं गेलं, "फर्स्ट परेड हुई थी?"

"हुई थी, साब."

"एअर टँक ड्रेन?"

"किया था, साब."

साक्षीला मी माझ्या ड्रायव्हरचं नाव दिलं. त्याने आपल्या टाकीचं पाणी सोडल्याचं सांगितलं. ते खरंच होतं. त्याच्या खऱ्यावर माझं खोटं उभं राहिलं. बाकीच्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि आपणहून कोणी बोललं नाही. मग मी स्वतःहून एक वाक्य जोडलं, "छुट्टी से आने के बाद ठीक से सोता नहीं था, साब." हेही खरं होतं. फोटो बघायचा.

निकाल असा लागला की ड्रायव्हरला डुलकी लागली, गाडीवरचा ताबा गेला, त्यात त्याचा साथीदारही मेला. कागदोपत्री बालाजी हरीशचा मारेकरी झाला. मी आणखी चार वर्षं सह्या केल्या आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होऊन मुळशीतल्या माझ्या माले गावी परत आलो. मालेगाव नव्हे, माले. बाहेरचे लोक नेहमी चुकतात म्हणून सांगितलं.

आमच्याकडे हवालदारालाही मेजर म्हणतात. मेजरला काम लगेच मिळतं. नेऱ्याच्या बाजूला एका ठेकेदाराच्या बसगाड्या होत्या, हिंजवडीच्या कंपन्यांत माणसं ने-आण करणाऱ्या. त्याला ट्रान्सपोर्ट सुपरवायझर हवा होता. भात लावायला भाऊ होता, घरात पेन्शन होती. मी हो म्हणालो. पहिल्याच सकाळी त्याच्या कारकुनाने अठरा ट्रिपशीटचा गठ्ठा पुढे ठेवला. प्रत्येकावर एक चौकट होती. वाहन तपासले, सही.

मी सह्या केल्या. अकरा दिवस केल्या. खुर्ची होती, पंखा होता, हात आपोआप चालत होता.

बाराव्या दिवशी लातूरकडचा एक ड्रायव्हर टेबलापाशी आला. "मेजर, पेडल जरा खालीच चाललंय. पाच मिनिटं थांबा, बघतो."

कारकून म्हणाला, "आल्यावर बघ रे. पोरी स्टॉपवर उभ्या हायेत."

माझं पेन कागदावर होतं. मी ते उचललं. बाहेर जाऊन त्या बसखाली आडवा झालो. एका चाकाच्या आत ब्रेकचं तेल गळत होतं. बस मी उभी केली, मग बाकीच्या सतराही. ठेकेदार अर्ध्या तासात आला.

"मेजर, ही काय बॉर्डर हाय का?"

"सगळ्या गाड्या बघेपर्यंत सही होणार नाही."

"सहीलाच तर ठेवलंय तुमाला. बघायला गॅरेज हाय."

"मग सही गॅरेजवाल्याची घ्या."

"तुमाला जमत न्हाई हे काम," तो शांतपणे म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

दुपारी घरी आलो तर बायको अंगणात तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "सुटलं व्हय?" मी हो म्हणालो. मग माझ्या काळ्या पेटीतून ठोकळा काढून तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. एकोणिसाव्या वर्षापासून जिच्याशी संसार केला तिला मी चार वर्षं हे सांगितलं नव्हतं.

ती ऐकत राहिली. तांदूळ निवडायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, "मला कशापायी सांगताय? मी काय त्याची आई हाय?"

त्या महिन्यात मी दोन गोष्टी केल्या. सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला सगळं लेखी कळवलं, सही करून. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की जे असेल ते मान्य आहे. दुसरं, घोटावड्याच्या एका गॅरेजमध्ये ब्रेकचं काम शिकायला राहिलो. मिस्त्री माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तो मला काका म्हणतो, मी त्याला उस्ताद.

"काका, बावीस वर्षं गाड्यांत काढली आन् लायनर बशिवता येईना?"

"आम्ही सह्या करायचो, उस्ताद."

"मंग आता लोळा खाली. सही करायला गाडीखाली जागा न्हाई."

कंबर धरायची. चष्मा ग्रीसने भरायचा. गावात लोक म्हणाले, मेजरचं डोकं फिरलंय, सायबाची खुर्ची सोडून हमाली करतोय. दीड वर्षाने मी पौड रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. फक्त ब्रेक. इंजिनाला हात लावत नाही.

पण बायकोचा प्रश्न तसाच होता. शेड सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ठोकळा पिशवीत घालून मी बालाजीच्या गावी गेलो.

त्याचे वडील ओट्यावर बसले होते. आई वारली होती. बायको मुलीला घेऊन माहेरी राहत होती. त्यांनी पाणी दिलं. मी उभं राहूनच सांगितलं, वेळांसकट. किटलीचं सांगितलं. ठोकळ्याचं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"तुमी वाकला असता तर कळलं असतं का?"

"हो."

त्यांनी ठोकळा हातात घेतला, नंबरावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "सहा वर्सं झाली. लेकरू झोपलं आन् दुसऱ्याच्या लेकराला घेऊन गेलं, आसं लोक म्हंतेत. पंधरा ऑगस्टच्या झेंड्याला बोलवत नाहीत मला. पोरीला शाळंत पोरं बोलतेत." मग ते उठले. "मला एकट्याला सांगून काय व्हतंय? चला."

पारावर पंधरा-वीस माणसं होती. ते मला त्यांच्यासमोर उभं करून बाजूला झाले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. एकाने विचारलं, "आत्ता कामून आलाव?"

निघताना ठोकळा मी बालाजीच्या वडिलांपुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

"मी काय करू त्याचं? तुमच्यापाशीच राहू द्या. दिसत जाईल."

तो शेडमध्ये, दारातून आत आल्याबरोबर दिसेल असा ठेवला आहे. माझ्याकडून गाडी गेली की मालकाला कागद देतो. त्यावर सही करण्याआधी प्रत्येक वेळी खाली वाकतो. यातून काही फिटत नाही, हे मला माहीत आहे.

हे लिहिलं ते दोन नोंदींसाठी. वर्षानुवर्षं त्या चुकीच्या आहेत.

को-ड्रायव्हर हरीश. वय चोवीस. चालत्या चाकाखाली ठोकळा घालायला गेला.

ड्रायव्हर बालाजी सोनटक्के. वय सव्वीस. जागा होता.